घरच्या ध्वनिमुद्रणासाठी इक्वलायझर: मिनिमम फेज की लिनिअर फेज?

इक्वलायझर म्हणजे आवाजातल्या निवडक वारंवारता कमीजास्त करणारे साधन. डिजिटल इक्वलायझरकडे आवाज येतो तो अंकांची (सॅम्पलची) रांग होऊन, उदाहरणार्थ सेकंदाला 48,000. मिनिमम फेज आणि लिनिअर फेज या दोन प्रकारांत फरक असतो तो या रांगेवर होणाऱ्या गणिताचा, आणि गायन, तबला, तानपुरा घरीच ध्वनिमुद्रित करणाऱ्याने तो समजून घेऊनच निवड करावी.

मिनिमम फेज प्रकारातला नेहमीचा फिल्टर चालू सॅम्पल, त्याआधीची दोन सॅम्पल आणि स्वतःचीच मागची दोन उत्तरे अशा पाच अंकांना ठरावीक गुणकांनी गुणून त्यांची बेरीज करतो. पुढच्या सॅम्पलची वाट पाहावी लागत नसल्याने आवाज जवळजवळ तत्काळ बाहेर पडतो. मात्र जिथे आपण उठाव किंवा काट दिली, त्या वारंवारतेच्या आसपास फेज, म्हणजे लहरीची वेळेतली जागा, सरकते. लिनिअर फेज प्रकारात हजारो गुणकांची सममित मालिका वापरली जाते, त्यामुळे सर्व वारंवारता सारख्याच उशिराने बाहेर येतात आणि त्यांचे आपसातले नाते बिघडत नाही. हा उशीर मालिकेच्या निम्म्या लांबीइतका, म्हणजे 4,096 गुणकांसाठी सुमारे 43 मिलिसेकंद असतो. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला एवढा उशीर सोसवत नाही, म्हणून प्रत्यक्ष मुद्रणाच्या वेळी मिनिमम फेजच वापरावा, याबद्दल मला शंका नाही.

खरा प्रश्न नंतरच्या संस्करणाचा आहे. सममित मालिकेमुळे फिल्टरचा झंकार (फिल्टरमुळे आघाताभोवती उमटणारा क्षीण आवाज) आघाताच्या आधी आणि नंतर सारखाच पसरतो. डग्ग्यावर खालच्या वारंवारतांना तीव्र काट दिली, तर ‘धा’ पडण्यापूर्वीच एक अस्पष्ट फुगवटा ऐकू येऊ शकतो आणि बोलाची धार जाते. मिनिमम फेजमध्येही झंकार असतो, पण तो आघातानंतर येतो; आघातानंतरचा मंद आवाज कानाला बराच वेळ झाकलेला राहतो, आधीचा मात्र फारच थोडा वेळ. तबल्यासाठी माझा कौल म्हणूनच स्पष्टपणे मिनिमम फेजच्या बाजूने आहे. अपवाद दोन मायक्रोफोनच्या मुद्रणाचा. दायाँ आणि बायाँ यांना स्वतंत्र मायक्रोफोन असले, तरी डग्ग्याचा घुमारा दोन्हींत शिरतो, आणि एकाच ट्रॅकची फेज सरकली तर दोन्ही एकत्र करताना तो घुमारा पोकळ होऊ शकतो. तिथे हलका, रुंद बदल करण्यासाठी लिनिअर फेज उपयोगी पडतो. संपूर्ण मिश्रणावरच्या शेवटच्या सौम्य फेरफारासाठीही तो चालतो.

इक्वलायझरच्या पडद्यावर हलणारा वारंवारतांचा आलेख हा बहुधा या गणिताचा भाग नसतो. तो आवाजाचे तुकडे घेऊन फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म या वारंवारता सुट्या करणाऱ्या गणिताने वेगळा काढलेला असतो. 4,096 सॅम्पलचा तुकडा घेतला, तर आलेखाचा प्रत्येक कप्पा, म्हणजे वारंवारतांचा एकेक पट्टा, 11.7 हर्ट्झ रुंद होतो. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे 69.3 हर्ट्झ आणि त्यालगतचा कोमल रिषभ 73.4 हर्ट्झ असतो, म्हणजे दोन्ही एकाच कप्प्यात पडतात. 32,768 सॅम्पलचा तुकडा घेतल्यास ते वेगळे दिसू लागतात, पण तेवढ्यासाठी 0.68 सेकंदाचा आवाज लागतो आणि द्रुत लयीतले बोल एकमेकांत मिसळून जातात. खर्जाजवळची गुणगुण शोधायची असेल तर मोठा तुकडा घ्यावा, तबल्याचे बोल तपासायचे असतील तर लहान. ही लांबी बदलू न देणारे साधन या कामाला अपुरे आहे.

लॉजिक प्रो या ॲपलच्या ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमध्ये चॅनल इक्यू (नेहमीचा इक्वलायझर) आणि लिनिअर फेज इक्यू हे दोन्ही सोबतच मिळतात, त्यामुळे ते वापरणाऱ्याने वेगळी खरेदी करण्याची घाई करू नये. फॅबफिल्टर प्रो-क्यू 3 या वेगळ्या विकत मिळणाऱ्या इक्वलायझरमध्ये झिरो लेटन्सी (म्हणजे मिनिमम फेज), नॅचरल फेज आणि लिनिअर फेज अशा तिन्ही पद्धती एकाच ठिकाणी बदलता येतात. चाचणी आवृत्ती मिळाल्यास डग्ग्याच्या एकाच मुद्रणावर 80 हर्ट्झखाली तीव्र काट देऊन पद्धती आलटूनपालटून ऐकाव्यात, आणि ऐकताना आलेख बंद ठेवावा.