सालामांकातला उन्हाळी स्पॅनिश कोर्स: परत येऊन बरेच महिने झाल्यावर

गेल्या जुलैत मी स्पेनमधल्या सालामांका शहरात चार आठवड्यांचा निवासी स्पॅनिश कोर्स केला. आल्या आल्या लिहायला बसले असते तर सगळं गोड गोडच लिहिलं गेलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता ऑफिसात ही भाषा रोज वापरतेय, त्यामुळे काय टिकलं आणि काय गळून गेलं ते नीट सांगता येईल.

मी जळगावात ठिबकचं सामान परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत निर्यातीची कागदपत्रं बघते. गिऱ्हाईक मुख्यतः मेक्सिको आणि पेरूचं. ईमेल कशीबशी निभत होती, पण फोन आला की समोरचा माणूस दोन वाक्यांनंतर इंग्रजी सोडून आपल्या भाषेत सुटायचा आणि मी गप्प. पुण्याच्या एका मॅडमकडे ऑनलाइन शिकून ए-२ पातळीपर्यंत (युरोपीय मोजपट्टीच्या सहा पायऱ्यांतली दुसरी) आले होते. व्याकरण पाठ होतं, वाचता येत होतं, बोलणं मात्र तोंडातून निघत नव्हतं. त्यासाठी हा खर्च केला.

खर्चाचं आधीच सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. कोर्स, एका कुटुंबात राहणं-जेवणं, विमान, व्हिसा, विमा आणि वरचा खर्च मिळून तीन लाखांच्या वर गेले. शेंगेन व्हिसाची (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या) फी ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. ‘इन्स्तितुतो सेर्वान्तेस’ ही स्पॅनिश सरकारची संस्था आहे, तिचं केंद्र नवी दिल्लीतही आहे. ती शाळांना मान्यता देते आणि मान्यताप्राप्त शाळांची यादी तिच्या संकेतस्थळावर असते. शाळा त्या यादीतूनच निवडा, हे माझं ठाम मत.

सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं आहे. गावभर परदेशी विद्यार्थी शिकायला येतात, त्यामुळे चुकत-अडखळत बोलणाऱ्या माणसाची तिथल्या दुकानदारांना सवय आहे. तिथले उच्चारही स्वच्छ. जुलैतला उन्हाळा कडक म्हणतात, पण भुसावळचा मे महिना बघितलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. सूर्य मात्र रात्री दहाच्या सुमाराला मावळतो आणि जेवण त्यानंतर. पहिल्या आठवड्यात झोपेचं गणित पार बिघडलं.

वर्गाबद्दल माझं मत संमिश्र आहे. सकाळी चार तास, शिक्षिका उत्तम, फळ्यावर इंग्रजीचा एक शब्दही नाही. पण जुलै म्हणजे गर्दीचा महिना. दर सोमवारी नवी मंडळी येणार, पुन्हा सगळ्यांची ओळख, पुन्हा तोच धडा थोडा मागून. पातळी ठरवायची परीक्षा लेखी होती, त्यामुळे माझ्यासारखी लिहिण्यात पुढे आणि बोलण्यात मागे असलेली आणि नेमकी उलट असलेली मुलं एकाच बाकावर. मधल्या सुट्टीत तर सगळे इंग्रजीत. मी शाळेला सांगून शेवटचे दोन आठवडे वर्गाचे तास कमी करून घेतले आणि त्या पैशात एकटीसाठी शिक्षिका मागितली. असा बदल बऱ्याच शाळा करून देतात, विचारावं मात्र आपण लागतं.

त्या तासांना मी आमची इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट घेऊन बसायचे. ठिबक म्हणजे ‘रिएगो पोर गोतेओ’, ड्रिपर म्हणजे ‘गोतेरो’ हे मला आधीपासून येत होतं. अडचण आकड्यांची होती. स्पेनमध्ये हजारानंतर टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. १.२५० लिहिलं की एक हजार दोनशे पन्नास. मेक्सिकोत बरोबर उलटं, आपल्यासारखंच. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि शिक्षिकेने भराभर दर सांगत जाणं, आपण लिहून घेणं, मग तिने तपासणं वेगळं. आज फोनवर पाचआकडी नग आणि दर एका दमात लिहून घेते, ते त्या तासांमुळे.

आता घर. सत्तरीच्या एकट्या आजी, इंग्रजीचा गंध नाही. या कोर्सवर मी जे पैसे खर्च केले त्यातले निम्म्याहून जास्त या घरात वसूल झाले असं मी मानते. दुपारच्या जेवणानंतर त्या पडदे ओढून टीव्ही लावायच्या. जुलैत तूर द फ्रान्स सायकल शर्यत असते, ती रोज तासन् तास चालते. समालोचक अखंड बोलत असतो: किती किलोमीटर राहिले, कोण किती सेकंदांनी मागे पडला, कोणत्या घाटात चढ किती टक्के. आजी एकेका स्वाराला नावाने ओरडायच्या आणि मला विचारायच्या, ‘तो काय म्हणाला, सांग बघू?’ पहिले काही दिवस मला त्यातले नुसते आकडे कळायचे. शर्यत संपत आली तोवर वाक्यं कळायला लागली होती.

शाकाहारींसाठी एक सांगते. सालामांका हा हॅमचा, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचा प्रदेश, त्यासाठी नावाजलेलं गिहुएलो गाव जवळच आहे. ‘भाजी’ म्हणून समोर आलेल्या ताटलीतही डुकराचे तुकडे असू शकतात. पण त्याच भागातला आर्मुन्याचा मसूर नावाजलेला आहे. आजी एरवी त्यात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचा सॉसेज घालायच्या. मी सांगितल्यावर माझं पातेलं वेगळं लावायला लागल्या: मसूर, तमालपत्र, गाजर, धुरावलेली लाल मिरचीपूड. मी घरून काळा मसाला नेला होता. एकदा त्यांनी चमचाभर घालून घेतला, नाक लाल झालं, आणि मग या मसाल्यात काय काय असतं ते त्यांनी बसून एकेक करून विचारलं. दगडफूल स्पॅनिशमध्ये समजावून सांगायला मला सगळी शक्ती लावावी लागली. अशा वेळी जी भाषा येते ती कुठल्याही धड्यातून येत नाही.

आणि मंडईतला तो फळवाला. माझं माहेर रावेर तालुक्यातलं, घरी केळीच्या बागा. सालामांकाच्या मध्यवर्ती मंडईत एका गाळ्यावर दोन प्रकारची केळी वेगवेगळ्या भावाने होती. त्याने सांगितलं, लहान, अंगावर काळे ठिपके असलेलं ते कॅनरी बेटांवरचं, त्याला ‘प्लातानो’ म्हणायचं. मोठं आणि स्वस्त ते बाहेरून येतं, ते ‘बानाना’. मी म्हणाले, आमच्याकडेही केळीच होतात. तो म्हणाला, कशी? मग मी सुरू झाले. टिश्यूकल्चरची रोपं कशी लावतात, ठिबकमधून खत कसं सोडतात, घडाला पिशवी का बांधतात, मे-जूनच्या वादळात वर्षभराची बाग एका रात्रीत कशी आडवी होते. शब्द अडला की हाताने दाखवत होते, तो शब्द पुरवत होता आणि पुन्हा ‘एंतोंथेस?’, म्हणजे मग पुढे? मागे दोन बायका पिशव्या घेऊन थांबल्या होत्या, त्याही ऐकायला लागल्या. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हेसुद्धा मी त्याला सांगून आले.

त्याआधी मी वर्गात ‘माझा आवडता छंद’ आणि ‘माझं शहर’ यावर बोलत होते आणि तीनचार वाक्यांत संपत होते. सांगण्यासारखं आपलं काही असेल तर तोंड उघडतं. म्हणून जाणाऱ्याला माझा आग्रह आहे की आपला धंदा, आपली शेती, आपलं घर यांचे शब्द आधी जमवून जा. कापसाचे असतील तर कापसाचे, दवाखान्याचे असतील तर दवाखान्याचे. स्मारकांची माहिती तिथे कुणीही देईल.

व्याकरणाबद्दल एक गोष्ट मला तिथे उमगली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो आणि विनाकारण अवघड करून घेतो. ‘मे गुस्तान लोस प्लातानोस’ याची रचना अगदी ‘मला केळी आवडतात’ अशीच आहे, क्रियापद केळ्यांप्रमाणे चालतं. इंग्रजी माध्यमाची मुलं तिथे अडखळतात, आपल्याला थांबायचं कारणच नाही. ‘मी रोज जायचे’ आणि ‘मी काल गेले’ हा फरक स्पॅनिशमध्ये दोन वेगळ्या भूतकाळांनी दाखवतात. आपल्याकडे तो घरात रोज बोलला जातो. इच्छा सांगताना त्यांचं क्रियापद बदलतं, आपणही ‘तू यावंस असं मला वाटतं’ म्हणतोच. माझ्या वहीत मी डाव्या बाजूला इंग्रजी लिहायचं बंद केलं आणि मराठी लिहायला लागले, कधी कधी अहिराणीसुद्धा. त्यानंतर चुका झपाट्याने कमी झाल्या. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन ‘असणे’ क्रियापदांना मात्र मराठीचा आधार मिळत नाही, ती घासूनच येतात.

आता इतक्या महिन्यांनी काय आहे? कान शाबूत आहे. लिमाहून फोन आला तर विषय कळतो, आकडे चुकत नाहीत, आणि मी इंग्रजीकडे वळत नाही. बोलण्याचा वेग घरी आल्यावर दोन महिन्यांत चांगलाच उतरला, याचं वाईट वाटलं. जळगावात कामाबाहेर स्पॅनिश कानावर पडतच नाही. आता तिथल्याच शिक्षिकेशी आठवड्यातून एक तास ऑनलाइन बोलते, सकाळी डबा भरताना स्पॅनिश राष्ट्रीय रेडिओच्या बातम्या लावते आणि आजींना व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवते. त्या लेखी उत्तर देतच नाहीत, त्यामुळे ऐकावंच लागतं. उतरण थांबली आहे. हा नंतरचा खर्च आणि वेळ आधीच हिशेबात धरा. तो धरायचा नसेल तर एवढे पैसे घालू नका, ऑनलाइन वर्ग पुरेसा आहे. शून्यातून शिकणाऱ्यांनीही लगेच जाऊ नये असं मला वाटतं. नाव-गाव-वय शिकायला सातासमुद्रापार जायची गरज नाही, ए-२ झाल्यावर गेलात तर प्रत्येक दिवसाचा उपयोग होतो.

माझ्यासारखं लॅटिन अमेरिकेशी काम असेल तर स्पेन चालेल का? चालतं. स्पेनमध्ये ‘तू’चं अनेकवचन वेगळं, काही अक्षरांचा उच्चार ‘थ’सारखा, आणि आज घडलेल्या गोष्टीला वेगळा भूतकाळ वापरतात. पेरूच्या गिऱ्हाइकाला माझं बोलणं थोडं स्पेनकडचं वाटतं, पण समजतं सगळं. विमानाचं भाडं बघता मेक्सिको मला परवडलं नसतं.

परीक्षेचं विचाराल तर स्पॅनिशच्या दोन परीक्षा आहेत, देले आणि सिएले. देले प्रमाणपत्राला मुदत नसते आणि ते एकाच पातळीचं मिळतं. सिएले संगणकावर होते, तिचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, आणि तिच्यामागे सेर्वान्तेसबरोबर सालामांका, मेक्सिको आणि बुएनोस आइरेसची विद्यापीठं आहेत. तीत वेगवेगळ्या देशांचे उच्चार ऐकायला येतात, म्हणून मी तिची तयारी करतेय. येत्या जुलैत जायचं असेल तर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात मुंबईची अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं, तेव्हा शाळेचं प्रवेशपत्र हातात आल्याबरोबर तारीख घेऊन टाका.