पगारातून पीएफ-ईएसआय कापलं, भरलं मात्र नाही

आधी आकडे सांगते. पगार १२,४०० रुपये. त्यातून दर महिन्याला पीएफचे १,४८८ आणि ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, ९३ कापायचे. जून २०२३ ते डिसेंबर २०२४, एकोणीस महिने, म्हणजे ३०,०३९ रुपये. यातला एक रुपयासुद्धा माझ्या नावावर भरलेला नाही. मालकाने वरून भरायचे असतात ते तर सोडूनच द्या.

सांगलीजवळच्या एका सूतगिरणीत मी ठेकेदाराकडून कामाला होते, कार्डिंग म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात. ठेकेदाराकडचं काम कसं असतं ते आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. कार्डिंगला कापसाची धूळ एवढी की पाळी सुटेपर्यंत पापण्यासुद्धा पांढऱ्या. मास्क कधी मिळाला नाही, ओढणी बांधायची. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळून यायची, एक-दोन दिवसांनी जरा सैल व्हायची. मुकादम म्हणायचा, सवय होईल. जानेवारीत जिना चढता येईना, रात्रभर खोकला. तेव्हा ठेकेदाराकडून मिळालेलं ईएसआयचं कार्ड घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात गेले. खिडकीवरच्या माणसाने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, विम्याचा नंबर दहा आकडी असतो. हा नऊच आकडी आहे."

मागे पन्नास माणसं उभी होती. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

दीड वर्ष ते कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. एकदाही आकडे मोजले नाहीत, याचीच आग होते जिवाची. आणि त्याहून जास्त दुसऱ्या गोष्टीची. २०२३ च्या दिवाळीत शेजारच्या वहिनींनी मोबाईल दाखवला. त्या कुपवाडला एमआयडीसीत जातात, त्यांना पीएफ जमा झाल्याचा मेसेज येतो. मला एकही आला नव्हता. तेव्हाच कळायला हवं होतं. मी विचारलं नाही असं नाही, दोनदा विचारलं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "तुमचा मोबाईल आधारला जोडलेला नाही ताई, म्हणून मेसेज येत नाही. पैसे जमा होतायत." मी दहावी शिकलेली आहे, घरचा हिशोब मीच ठेवते. पण हातात पगाराची चिठ्ठी होती, चिठ्ठीवर कपात छापलेली होती. छापलेल्या कागदावर विश्वास ठेवला, यात माझी काय चूक? जास्त बोललं तर दुसऱ्या दिवशी पाळी मिळत नाही, हेही खरंच आहे. मेसेज येत नसेल तर ठेकेदाराला विचारूच नका, थेट पीएफचं पासबुक उघडून बघा. त्यासाठी बारा आकडी यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, लागतो. तो पहिल्या पगारालाच मागून घ्या.

शेवटी मिरजेला खाजगीत दाखवलं. तपासण्या आणि औषधं मिळून २३,६५० रुपये. डॉक्टर म्हणाले, कापसाच्या धुळीचा आजार आहे, बिसिनोसिस. हा आजार ईएसआयच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. विमा खरंच भरला असता तर उपचार फुकट झाले असते, आणि आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळाले असते. मी अडतीस दिवस बिनपगारी घरी पडून होते.

मग फेऱ्या सुरू झाल्या. पीएफवाले म्हणाले, तुमचं खातंच नाही तर तक्रार कशावर घेऊ? कामगार कार्यालयात सांगितलं, ठेकेदाराचं लायसन्स घेऊन या. ते मी कुठून आणू? गिरणीच्या गेटवर आत सोडलं नाही, "तुम्ही आमच्या कामगार नाही." पोलीस चौकीत साहेब म्हणाले, हे पैशाच्या देण्याघेण्याचं आहे, कोर्टात जा. पगारातून कापलेले पीएफ-ईएसआयचे पैसे न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे. आधी दंड संहितेच्या ४०५ कलमात होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या ३१६ मध्ये स्पष्ट लिहिलंय. एका वकिलांनी सांगितलं म्हणून मला कळलं, साहेबांना ते ठाऊक नसावं? ठेकेदाराने ईएसआय भरलं नाही तर ते भरायची जबाबदारी गिरणीचीही असते, हे कामगार कार्यालयात एकानेही तोंडातून काढलं नाही. चार महिने, अकरा फेऱ्या, प्रत्येक फेरीला एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. दम लागतो म्हणून जिन्यात बसले तर शिपाई म्हणतो, इथं बसू नका.

कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. मी तीनदा केली, "ऑडिटला लागतं" म्हणाले होते. आता तेच कागद पुढे करतात की सगळा हिशोब रोख मिळाला म्हणून. पगाराच्या चिठ्ठ्या फेकू नका. माझ्याकडे एकोणीसपैकी चौदाच आहेत. हजेरीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. छाती आवळत असेल तर डॉक्टरांना कोणत्या खात्यात काम करता ते आधी सांगा, नाहीतर साधा दमा म्हणून औषध देतात आणि तसंच कागदावर लिहितात.

ते पिवळं लॅमिनेट केलेलं नऊ आकडी कार्ड कुणाकडे असेल तर रागाने फाडू नका, जपून ठेवा. आम्ही सात जणी जमलोय, सातही कार्डं सारखीच. सोमवारी पुन्हा जातोय, या वेळी एकत्र आणि लेखी अर्ज घेऊन. अर्जाच्या प्रतीवर पोच मिळाल्याशिवाय तिथून हलायचं नाही, असं ठरवलंय.