आपटा म्हणून आणलं, निघालं कांचन!

तीन वर्षांपूर्वी पुण्याबाहेर हायवेलगतच्या एका नर्सरीतून (नाव लिहीत नाही) आपट्याचं रोप आणलं, १५० रुपयाला. रोप एकदम तगडं, कीड नाही काही नाही, त्याबद्दल तक्रार नाहीच. सासऱ्यांची हौस अशी की दसऱ्याला बाजारातल्या ओरबाडलेल्या फांद्या नकोत, दारातल्या झाडाचं एकेक पान हलक्या हाताने तोडायचं.

पानं मोठी व्हायला लागली तेव्हाच मला शंका आली होती पण सासरे म्हणाले पाणी भरपूर मिळतंय ना म्हणून. मग मागच्या दिवाळीच्या सुमारास फुलं आली आणि आम्ही बघतच बसलो, चांगली मोठी गुलाबी-जांभळी फुलं! आपट्याला असली फुलं येतात होय? त्याची बारकी, फिकट पिवळसर, आणि ती पण उन्हाळ्यात.

म्हणजे हा कांचन. दोघंही बौहिनिया या एकाच वनस्पती-वंशातले, पान दोघांचंही मधे चिरलेलं, जोडपान. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने बौहिन आडनावाच्या दोघा भावांवरून हे नाव ठेवलं ते या जोडपानावरूनच म्हणे, तिथवर ठीक आहे, पण भाऊ वेगळे असतात ना हो! आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं तळहाताएवढं होतं.

फोटो घेऊन नर्सरीत गेले तर मालक म्हणतो, "ताई, दसऱ्याला अर्धा बाजार हेच विकतो, कोण बघतंय." खोटं नाही बोलला, पण मी पैसे आपट्याचे दिले होते. रिफंड नाही, दुसऱ्या रोपावर २० टक्के सूट देतो म्हणाला, नको म्हटलं. २ स्टार देतेय ते फक्त रोपाच्या तब्येतीला.

कांचन तोडला नाही, फुलांवर शिंजीर (मध पिणारे चिमुकले पक्षी) येतात, सकाळी मजा असते. या दसऱ्याला सासऱ्यांनी त्याचंच पान हातावर ठेवलं, "घे, बेन्टेक्सचं सोनं" म्हणाले.

कोणाला खरा आपटा हवा असेल तर बौहिनिया रेसिमोसा असं नाव घेऊन मागा आणि पान उलटसुलट करून बघूनच घ्या. आम्ही आता वनखात्याच्या रोपवाटिकेतून आणलाय, गुडघ्याएवढा झालाय, पानं अजून नाण्याएवढीच आहेत.