लाकू मिझिकचा 'लीव्ह द बोन्स' : ढोल आणि संगणक एकाच अंगणात

हैतीमध्ये अनेक घरे ज्या सामायिक अंगणाभोवती वसलेली असतात, त्या अंगणाला 'लाकू' म्हणतात. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हेच नाव घेऊन उभ्या राहिलेल्या 'लाकू मिझिक' या वाद्यवृंदात सांबा झाओ यांच्यासारखे मुरलेले ढोलवादक आणि त्यांच्यापेक्षा एका पिढीने लहान असलेले गायक एकत्र गातात-वाजवतात. जोसेफ रे या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराबरोबर त्यांनी २०२१ साली केलेला 'लीव्ह द बोन्स' हा अल्बम महिनाभर ऐकल्यावर मला तो बहुतांशी आवडला, पण एका ठिकाणी तो खटकत राहिला.

आवडण्याचे मोठे कारण म्हणजे 'रारा' या हैतीतील रस्त्यावरच्या गात-वाजवत निघणाऱ्या मिरवणुकीतील भोंगे. बांबूच्या एका भोंग्यातून जेमतेम एखाद-दुसरा सूर निघतो. त्यामुळे धून अनेक वादकांत वाटली जाते आणि प्रत्येकाने आपला सूर नेमक्या क्षणी टाकला तरच ती सलग ऐकू येते. क्लबमधील नृत्यसंगीतही छोट्या तुकड्यांच्या आवर्तनांवरच उभे असल्यामुळे हे दोन्ही सांधा न दिसता जुळतात, आणि परंपरा चवीपुरती वर भुरभुरल्यासारखी वाटत नाही. लोखंड आणि युद्ध यांची देवता असलेल्या ओगूला आवाहन करणाऱ्या गीतात तर क्रेओल भाषेतील समूहस्वरच पुढे राहतात आणि यंत्र मागे सरून साथ करते.

खटकते ते ढोलांच्या बाबतीत. वोडू या हैतीतील धर्मपरंपरेच्या विधीत 'मानमान', म्हणजे आई, हा सर्वांत मोठा ढोल वाजवणारा नाचणाऱ्याच्या पावलांवर नजर ठेवून चालती लय अचानक मोडतो. या तोडीला 'कासे' म्हणतात. नृत्यसंगीतातही ठोका थांबवून पुन्हा सोडण्याची युक्ती आहे, मात्र ती आधीच मोजून ठेवलेल्या मात्रांवर येते, म्हणून काही गीतांत पुढचे वळण कानाला अगोदरच कळते. (गोंधळातील संबळ जवळून ऐकलेल्यांना ही उणीव अधिक जाणवेल.)

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नये. मी पहिल्यांदा तसाच ऐकला, तेव्हा ढोलांचा खर्ज नाहीसा झाला आणि उरली ती केवळ टाळ्यांसारखी कोरडी टकटक. बरा हेडफोन लावून 'सांबा यो प्रान पाले' या गीतापासून सुरुवात करावी. संगणकाशिवायचे लाकू मिझिक हवे असेल, तर त्यांचा २०१६ चा 'वा दि यो' आहेच.