जुगाराच्या अभ्यासासाठी एचटीसी व्हाइव्ह प्रो आय: नजर पक्की, डोळ्याची बाहुली फसवी

कॉलेजातल्या मुलांना आभासी कॅसिनोत बसवून ती स्लॉट मशीनसमोर कशी वागतात हे तपासायचं असेल, तर एचटीसी व्हाइव्ह प्रो आय हा 2019 चा व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट सेकंडहँड मिळाला तरी चालेल. कारण एकच, आत बसवलेला टोबी कंपनीचा आय-ट्रॅकर, म्हणजे नजर कुठे आहे ते टिपणारं यंत्र. चित्राच्या बाबतीत मेटाचा क्वेस्ट 3 हेडसेट कितीतरी सरस, पण त्यात आय-ट्रॅकिंगच नाही. डाव थोडक्यात हुकला तेव्हा मुलगा तिसऱ्या रीलकडे (मशीनच्या फिरत्या चित्रपट्टीकडे) बघत होता की उरलेल्या पॉइंटांकडे, हे त्यातून कळत नाही.

कंपनी 0.5 ते 1.1 अंशांची अचूकता सांगते, पण ती नजरेच्या मधल्या 20 अंशांपुरती. म्हणून रील आणि शिल्लक पॉइंट यांच्यात तीन-चार अंशांची मोकळी जागा ठेवून मशीन रचावं. ट्रॅकर 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 120 नोंदी घेणारा; पडदा 90 चा. युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या, दर फ्रेमला एकदा चालणाऱ्या अपडेट फंक्शनमध्ये डेटा वाचला तर फ्रेममागे एकच नमुना हाती लागतो. पूर्ण 120 हवे असतील तर एसआर-अ‍ॅनिपल या एचटीसीच्या आय-ट्रॅकिंग सॉफ्टवेअरचा कॉलबॅक (प्रत्येक नवी नोंद आली की आपोआप चालणारं फंक्शन) वापरावा लागतो.

खरी गोची डोळ्याच्या बाहुलीच्या मापात आहे. उत्तेजनेने बाहुली मोठी होते, हे बरोबर. पण जिंकल्यावर मशीन लखलखतं आणि त्या उजेडाने तीच बाहुली आकसते. मग आकडे बघून वाटतं, जिंकल्यावर मुलं शांत झाली! जिंकलेल्या, हरलेल्या आणि हुकलेल्या निकालांच्या पडद्यांची उजळता सारखी ठेवा, प्रत्येक स्पिनआधी सेकंद-दोन सेकंद करडा पडदा दाखवा आणि त्या वेळचं माप वजा करा. शिवाय डोळा मिटला की सॉफ्टवेअर बाहुलीचा व्यास -1 असा नोंदवतं. ती ओळ आणि तिच्या आजूबाजूच्या ओळी गाळल्याशिवाय सरासरी काढली, तर सगळं मुसळ केरात.

उत्तेजना मोजायला त्वचेवरच्या घामाचा सेन्सर जोडणार असाल तर तो ज्या हाताने मूल खेळत नाही त्या हाताला लावा, आणि त्या हातात कंट्रोलर देऊ नका. त्वचेचा प्रतिसाद निकालानंतर एक ते तीन सेकंदांनी सुरू होतो. भराभर स्पिन करू दिले तर एका डावाचा प्रतिसाद पुढच्या डावात मिसळतो, तेव्हा मध्ये थांबा हवाच. थोडक्यात हुकलेले डाव किती ठेवायचे? 2001 च्या एका प्रयोगात 15, 30 आणि 45 टक्क्यांपैकी 30 टक्क्यांवर लोक सर्वांत जास्त वेळ खेळत राहिले. सुरुवात तिथूनच करावी.

सर्वांत मोठी उणीव मात्र कागदावर दिसत नाही. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर साधारण 60.7 ते 73.5 मिलिमीटर असेल तरच भिंगं त्याला जुळवता येतात. लहान चेहऱ्याच्या मुलींचं कॅलिब्रेशन (ट्रॅकर त्या डोळ्यांना जुळवून घेणं) फसतं, त्या यादीतून गळतात आणि नमुना आपोआप मुलांकडे झुकतो. हेडसेट जरा घसरला तरी कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं, त्यामुळे मागचा पट्टा घट्ट असू द्या. फिरायला लावू नका. खुर्चीवर बसूनच खेळवा, मळमळ कमी होते.

विकत घेताना दोन्ही बेस स्टेशन (हेडसेटची जागा ओळखायला खोलीत ठेवायची यंत्रं) आणि लिंक बॉक्स (हेडसेट संगणकाला जोडणारी डबी) सोबत आहेत ना ते पाहा, केबल हलवून चित्र तुटत नाही याची खात्री करा, आणि पैसे देण्याआधी एखाद्या लहान चेहऱ्याच्या माणसावर कॅलिब्रेशन करून बघा.