घरातला निरोप्या मोकळा झाला : फोंड्यातील एका कुटुंब समुपदेशन केंद्राविषयी

कुटुंब समुपदेशन म्हणजे घटस्फोटाच्या वाटेवरचा शेवटचा थांबा, अशी समजूत आपल्याकडे अजूनही आहे. त्यामुळे ज्या घरातून कोणी कोणाला सोडून जाणार नसते, पण रोजचे बोलणे मात्र कोरडे होत चाललेले असते, ती घरे अशा ठिकाणी फिरकतच नाहीत. आमचे घर तसेच होते. गोव्यात फोंड्यातील ज्या केंद्रात आम्ही काही महिने गेलो, त्याचे नाव चालकांच्या विनंतीवरून येथे देत नाही. परंतु तिथे काय मिळते, काय उणे आहे आणि अशी सेवा निवडताना काय पाहावे, हे सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

घरात आम्ही चौघे : सासूबाई, आम्ही दोघे आणि नववीतला मुलगा. पती कुंडई औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला असतात आणि दीर जहाजावर असल्याने वर्षातले बरेच महिने घराबाहेर असतात. सासरे गेल्यानंतर मूळ घराच्या वाटणीचा विषय निघाला आणि माणसे एकमेकांना टाळू लागली. गोव्यात हा विषय कोणालाही बाजूला ठेवून मिटत नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या दिवाणी कायद्याच्या परंपरेत मुलगे आणि मुली समान वारस असतात, संपत्तीचा अर्धा भाग सक्तीच्या वारसांसाठी, म्हणजे ज्यांना मृत्युपत्राने सहसा डावलता येत नाही त्यांच्यासाठी, राखीव असतो, आणि पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असेल तर घर विकायला दोघांचीही संमती लागते. हा कायदा न्याय्य आहे असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यामुळे एकाचा रुसवा सगळ्यांच्या सह्यांपर्यंत येऊन अडतो, हेही तितकेच खरे आहे.

पहिल्याच बैठकीत समुपदेशक बाईंनी आपल्या कामाची सीमा आखून दिली. ‘इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याच्या न्यायालयीन प्रक्रियेचे, काम वकिलाचे आहे, कोणाचा हिस्सा किती हे मी सांगणार नाही. या विषयावर तुमच्या घरात कोण कोणाशी बोलते, एवढेच मला समजून घ्यायचे आहे,’ असे त्या म्हणाल्या. बरोबर कोण आणि चूक कोण याचा निवाडा मिळेल या अपेक्षेने गेलेल्यांना हे वाक्य निराश करू शकेल. माझ्या दृष्टीने मात्र या केंद्राची शिफारस करण्याचे पहिले कारण तेच आहे, कारण निवाडा मिळाला असता तर आमच्यापैकी निम्मी माणसे पुढच्या बैठकीला आलीच नसती.

त्यानंतर त्यांनी एक मोठा कागद टेबलावर पसरला आणि तीन पिढ्यांचा नकाशा काढायला सांगितला. पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ, निवर्तलेल्यांवर फुली, आणि ज्या दोघांत ताण आहे त्यांच्यामध्ये नागमोडी रेघ, अशी ही पद्धत कुटुंबोपचारात सर्वत्र वापरली जाते. सासूबाईंनी पेन्सिल हाती घेतली ती थेट सासऱ्यांचा चौकोन काढायला, आणि त्यावर फुली मारायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात थांबला. फुली शेवटी मुलाने मारली. मग त्याने कोणी न सांगता स्वतःच्या चौकोनापासून आजीकडे, माझ्याकडे आणि वडिलांकडे अशा तीन बाणांच्या रेघा ओढल्या आणि सांगितले, ‘सगळ्यांचे निरोप माझ्याकडून जातात.’

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोएन यांनी यालाच त्रिकोण म्हटले आहे : दोघांतला ताण असह्य झाला की ती दोघे नकळत तिसऱ्याला मध्ये ओढतात, आणि ताण तात्पुरता हलका झाला तरी तिसरा माणूस वाकतो. आमच्याकडे ‘आजीला सांग, चहा झालाय’ इथपासून ‘बाबांना विचार, काकांचा फोन आला होता का’ इथपर्यंतचे प्रत्येक वाक्य त्या मुलाच्या तोंडून फिरत होते, आणि आम्ही मोठी माणसे त्यालाच घरातली शांतता समजत होतो. एकमेकांवरची माया कुठेही आटली नव्हती. ती थेट पोचण्याची वाट तेवढी बंद पडली होती.

घरी करायला दिलेला पाठ साधा होता : मुलाच्या हाती निरोप द्यायचा नाही. वाटणीचा विषय तूर्त बाजूला ठेवून चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, तयारी थेट बोलून करायची, असे ठरले. माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या आराशीला) सुपारीचा घोस कोण आणणार, तोरिंजन कोणाच्या बागेतून येणार, कांगलां बाजारातून घ्यायची की गावातून मागवायची, हे विचारण्यासाठी मी सासूबाईंच्या खोलीत जाऊ लागले. पहिले काही दिवस आम्ही दोघी अवघडलेल्याच होतो. एका संध्याकाळी नारळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, ‘मी तुला दोष देत नव्हते गो, हे घर बंद पडेल याची मला भीती वाटते.’ दिरांनी एका बैठकीला जहाजावरून व्हिडिओ कॉल केला. जोडणी वारंवार तुटत होती, पण आईने वाटणीबद्दल त्यांच्याशी त्या दिवशी प्रथमच स्वतः बोलणे केले. वाटणी अजून झालेली नाही आणि ती लवकर होईल असेही नाही. तरीही त्या विषयावर आता एका खोलीत बसून बोलता येते, आणि या सेवेकडून एवढीच अपेक्षा धरणे योग्य आहे.

दांपत्यांच्या संभाषणांचा दीर्घ अभ्यास केलेले जॉन गॉटमन यांचे एक निरीक्षणही बाईंनी सांगितले : ज्यांचा संसार नीट चालतो, त्यांच्यात वादाच्या वेळीसुद्धा एका कडू बोलण्यामागे साधारण 5 आपुलकीच्या गोष्टी असतात. त्या मोजत बसू नका, पण बोलण्याची सुरुवात आरोपाने करू नका, असे त्यांनी आम्हा पतिपत्नीला बजावले, आणि पाळीवरून थकून आलेल्या माणसाला दारातच प्रश्न न विचारण्याचा नियम आम्ही तिथूनच उचलला.

उणिवा आहेत, आणि त्यांतली एक मला गंभीर वाटते. बोलणे सगळे कोकणीत होते, ते उत्तमच. पण घरी भरायचे तक्ते फक्त इंग्रजीत आहेत. सासूबाईंचे सारे वाचन मराठीतले आहे, त्यामुळे त्यांचा तक्ता नातवाने वाचून दाखवायचा आणि त्यानेच भरायचा, म्हणजे ज्या मुलाला मधून बाहेर काढायचे त्यालाच पुन्हा मध्ये बसवायचे, असे झाले. मागणी केल्यावर मराठी प्रती मिळाल्या, पण त्या आधीपासून तयार असायला हव्यात. केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि बाहेरच्या बाकावर ओळखीची माणसे भेटण्याची शक्यता फोंड्यासारख्या ठिकाणी मोठी आहे. शुल्क संपूर्ण कुटुंबासाठी घेतले जाते, माणशी नाही, आणि ते पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितले जाते, हे चांगले.

ज्या घरात मारहाण किंवा धाक आहे, तिथल्या व्यक्तीने सगळ्यांसोबत बसण्याच्या या पद्धतीकडे जाऊ नये. तिच्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. दीर्घकाळची उदासी किंवा अन्य मानसिक आजार असेल तर बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था गाठावी, आणि रात्री-अपरात्री नुसते बोलायचे असले तरी 14416 या क्रमांकावर टेलिमानसची विनामूल्य सेवा उपलब्ध असते.

बाकीच्यांनी, विशेषतः तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्यांनी, असे केंद्र शोधून जरूर जावे. फोन करतानाच संध्याकाळची किंवा शनिवारची वेळ मिळेल का ते विचारावे, कारण पाळीवर काम करणाऱ्या माणसाला दुपारच्या वेळा जमत नाहीत. तक्ते मराठीत लागतील हे आधी कळवावे. आणि पहिल्या बैठकीला घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला घेऊन जावे.