पवना धरणाकाठी मुक्काम: किल्ला कोणता, लोहगड की तिकोना?

सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर लोहगड. लोहगडवाडीपासून वरपर्यंत पायऱ्या, गणेश ते महादरवाजा अशी चार दारं, आणि टोकाला विंचूकाटा ही लांब, अरुंद सोंड. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. रविवारी गर्दी मात्र जत्रेची. वेळ असेल तर मळवली स्टेशनवरून भाजे लेणी बघत चालत जा, खरी मजा त्यातच.

तिकोना छोटा, पण शेवटच्या पायऱ्या उभ्या, गुडघे कुरकुरतात. पावसात शेवाळ असतं, चपला घालून जाऊ नका. वर त्र्यंबकेश्वर महादेव, आणि खाली पवनेचं पाणी, समोर तुंग किल्ला. मी तिकोनाच निवडेन, तोही पहाटे. प्यायचं पाणी मात्र खालूनच सोबत घ्या.